उसने डोळे

शकुनला तिचे स्वतःचे डोळे पहिल्यांदा भेटले, ते दर्यापूरकडच्या एका म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर.

अमरावतीत बातम्यांच्या एका छोट्या वेबसाइटवर ती फोटो लावायचं काम करायची. लोक बातमी उघडत, फोटोवरून नजर फिरवत आणि निघून जात. म्हणून तिनंच संपादक शेषरावांना सुचवलं होतं, वाचकाला फोटोवर बोट ठेवू द्या. जिथं बोट ठेवेल तिथं एक ठिपका उमटेल. त्या ठिपक्यात तो आपली ओळ लिहील. दुसरा कोणी ठिपका दाबून ती वाचेल, उत्तर देईल. सदराचं नाव ठेवलं ‘फोटोशी बोला’. घरातला एक फोटो पाठवा, असं वाचकांना सांगितलं.

तिला वाटलं, लग्नाचे येतील, चिखलदऱ्याच्या सहलीचे येतील. आले ते भिंतीवरच्या, हार घातलेल्या तसबिरींचे. नापिकीच्या त्या वर्षांत वऱ्हाडात गावोगावी नव्या तसबिरी फार लागल्या होत्या. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि लोक खरंच बोलू लागले. कोणी बापाच्या खिशावर बोट ठेवून लिहिलं, ‘यात आमच्यासाठी गोळ्या असायच्या.’ कोणी नुसतंच लिहिलं, ‘आहो आम्ही इथंच.’

शेषराव खूश होते. “शकुन, लोक हलूनच नाही राहिले बापा फोटोवरून!”

शकुन मात्र त्या म्हाताऱ्यापाशी अडली. त्याच्या डाव्या डोळ्याच्या पांढऱ्यात, नाकाकडच्या बाजूला, एक बारीक तपकिरी डाग होता. तिच्या डोळ्यात होता तसाच. असतो एखाद्याला, असं म्हणून तिनं सोडून दिलं. मग मूर्तिजापूरच्या एका बाईचा फोटो आला. तोच डाग. मग भगवंत नावाच्या तरण्या पोराचा. तोच डाग, तीच पापणी, तीच जराशी खाली झुकलेली कड. तिनं पर्समधला आरसा काढला आणि लगेच मिटून ठेवला. आरशातून भगवंतच पाहत होता.

भगवंतच्या डोळ्यांवर त्याची आई माणिकबाई रोज एक ओळ लिहायची. भाची टाइप करून द्यायची. एका सोमवारी ओळ आली, ‘काल रडला का रे? डोळे सुजेल दिसून राहिले.’

आदल्या दिवशी शकुन रडली होती… दार लावून, आवाज न करता. तिला पाहायला आलेल्यांनी डोळ्यातल्या डागावरून नकार कळवला होता. घरातही कोणाला तिचं रडणं कळलं नव्हतं.

तिनं तो फोटो मोठा करून पाहिला. तेवढ्यात तिला दुसरा ठिपका दिसला, बरोबर त्या डागावर. लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. ‘याच्यापेक्षा सुंदर काही मी पाहिलं नाही.’

ती ओळ तिनं किती वेळा वाचली, ते तिचं तिलाच ठाऊक.

तिन्ही तसबिरींच्या कोपऱ्यात बार्शीटाकळीच्या एकाच स्टुडिओचा शिक्का होता. बारावीच्या फॉर्मसाठी शकुननं मामाच्या गावी असताना तिथंच फोटो काढला होता. ती अकोल्याला बसनं गेली आणि पुढं जीपनं. ऊन रखरखत होतं. अमरावतीच्या सगळ्या पोरींसारखा तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल.

दुकान अरुंद होतं. भिंतभर तसबिरी. म्हातारे, बाया, पोरं… सगळे तिच्याकडे तिच्याच डोळ्यांनी पाहत होते. तिला वाटलं, उलट्या पावली निघून जावं.

“पासपोर्ट का?” कॉम्प्युटरपुढच्या तरुणानं न वळता विचारलं.

“नाही. माझं काहीतरी तुमच्याकडे राहिलं आहे.”

“पावती हाय?”

तिनं गॉगल काढला. “ही चालेल?”

तो वळला. माऊस हातातून सुटून वायरीला लोंबकळत राहिला. तो उभा राहिला, बसला, परत उभा राहिला.

“तुमी… हाय तर मंग खऱ्या!”

“काहून? मेली वाटलं होतं?”

“तेच भेव होतं न.”

त्याचं नाव देवानंद. त्यानं सांगितलं ते असं. कित्येकांचा जिवंतपणीचा फोटोच नसतो. घरचे शेवटच्या दिवशीचा आणतात, डोळे मिटलेला. ते डोळे उघडून द्यायचे म्हणजे दुसऱ्याचे लावायचे. जुने मालक जानराव काका गेले, तेव्हा कॉम्प्युटरमध्ये असे उसने डोळे कापून ठेवलेले होते. नुसते डोळे. चेहरा एकाचाही नाही.

“एवढे असताना माझेच कशाला?”

“बाकीचे लावल्यासारखे दिसतात. हे पाहतात.”

“डाग तरी पुसायचा.”

“पुसून पाहला एकडाव. डोळे इझल्यासारखे झाले.” तो खाली पाहत बोलला. “तो डाग त… याच्यापेक्षा सुंदर काही…”

“…मी पाहिलं नाही,” शकुननं वाक्य पुरं केलं. “ते तुम्ही लिहिलं? मग नाव काहून नाही टाकलं?”

“दुसऱ्याच्या लेकाचा फोटो तो. म्या तिथं काय म्हनून नाव लिहावं?”

ती गडबडली. पण भांडायला आली होती, तर भांडणं भाग होतं. “ते काही नाही. सगळीकडून काढा. आरशात पाहायची भीती वाटते मला.”

“काढतो. तुमचे हायेत. पन मंग मी दिवसभर काय पाहू, तेवढं सांगून जा.”

“काम पाहा!”

“तेच त काम हाय.”

ती स्कार्फच्या आत हसली. ते त्याला कळलं… कसं, ते तिनं विचारलं नाही.

तेवढ्यात एक म्हातारी लुगड्याच्या फडक्यात बांधलेली तसबीर घेऊन आत आली. “काचीत ओल शिरली रे देवानंदा,” म्हणत तिनं ती काउंटरवर ठेवली आणि मान वर केली.

“भगवंता…”

काउंटरवर भगवंत, समोर शकुन, आणि दोघांचे डोळे एकच.

“माय,” शकुन म्हणाली, “हे माझे आहेत. तुमच्या लेकाचे नाहीत.”

“मालूम हाय व. माह्या भगवंताचे घारे होते.”

देवानंद चपापला. “तुमी कधी बोल्ल्या नाई, माय?”

“काय बोलू? मिटलेला पोरगा आनला होता म्या तुह्याकडं. तू पाहता करून देल्ला.” माणिकबाई जवळ आली. तिनं शकुनच्या गालावर हात ठेवला. “त्या दिशी तूच रडली न?”

शकुननं तिचा हात धरला. “तुम्हाला कसं कळलं?”

“दिसलं,” म्हातारी म्हणाली. बाहेर ऊन पडलंय म्हणावं, तसं. “कोनं रडवलं?”

“डागावरून नकार आला, माय.”

“आंधळे मेले!” ती फडक्याची घडी करू लागली. “काढाचे असतीन त काढ, पोरी. तुह्ये हायेत. पन आधी सांगजो. त्या दिशी मी घरात नाई थांबत.”

भाजी घेऊन येतो म्हणून ती निघून गेली.

“राहू द्या,” शकुन म्हणाली. “लावलेले राहू द्या.”

“आन पुढचे?”

“मी स्वतः येऊन हो म्हटलं, तरच.”

“अमरावतीहून? दरवेळी?”

“काहून, नको येऊ?”

“या न. लोक लय मरून राहिले, रोज या लागन—” त्यानं जीभ चावली.

“म्हणजे मेलेल्यांसाठीच बोलावता?”

“नाई… जितं मानूस बी हाय एक.” त्याचे कान लाल झाले. “तो तुमच्याशीच बोलत आला इतके दिवस. तुमी पापनी बी नाई हलवली कधी.”

“मग ही घ्या हलवली.” आणि तिनं खोडी म्हणून डोळे मिटून घेतले.

भिंतीवरचे सगळे उघड्या डोळ्यांनी पाहत होते. मिटलेले तिचे एकटीचे होते.

“उघडा,” देवानंद म्हणाला.

“काहून?”

“उघडा न… मले नाई पाहवत मिटलेले.”

खोडी तिथंच संपली. तिनं डोळे उघडले, तर तो काउंटर ओलांडून अलीकडे आला होता, हातभर अंतरावर, आणि रडत होता.

शकुननं स्कार्फची गाठ सोडली.

“आता बाकीचीही पाहून घ्या,” ती म्हणाली. “म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तोंडावर मला शोधायला नको.”