झाकलेली नावं

बसा पावणं. गुंडू आत जेवतोय, येईलच. हातावरचं नाव झाकायला आलायसा न्हवं? मग माझ्या गाडीवरचा च्या घ्या आणि तवर एक ऐका. ह्याच मंगळवार पेठेतलं हाय, ह्याच दुकानातलं.

गुंडूची आई यल्लव्वा गारगोटीच्या बाजारात सुईनं गोंदायची. तवा बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत न्हवत्या. सोबतच्या नणंदेनं नाव सांगायचं, यल्लव्वानं हातावर गोंदायचं. प्रेमबिम कुणाच्या तोंडात न्हवतं. हातावर नाव हाय, म्हंजे माणूस हाय. संपलं. सुनेच्या, तानाबाईच्या हातावर "गुंडू" तिनंच गोंदलं. आणि लेकाला बजावलं, "गोंदल्यालं नाव कधी झाकू नगंस. ते चितेवरच जायचं."

गुंडूनं गोंदायची मशीन घेतली. कॉलेजची पोरं जोडीनं यायची, बदामात एकमेकांचं नाव काढून घ्यायची. तानाबाई कोपऱ्यात बसून बघायची. एकदा म्हणली, "अवं, ही एकमेकांस्नी किती येळा म्हणत्यात ते. तुमी मला कधी म्हणला न्हाईसा."

गुंडू हसला. "खुळी का काय! आपल्यात म्हणत्यात व्हय? हातावर हाय की."

सहा महिन्यांनी त्यातलीच एक, ऐश्वर्या, एकटी आली. "काका, हे केतन झाका." गुंडूला आईचं बोलणं आठवलं. पण पोरीचे डोळे सुजल्याले. त्यानं त्या नावावर काळं फुलपाखरू बसवलं.

दुसऱ्या दिवशी भाकरी वाढताना तानाबाईच्या हातावर, "गुंडू"च्या खाली, हिरवट कायतरी दिसलं. त्यानं पीठ पुसून बघितलं. केतन. ताजं न्हवं. वीस वर्षांमागं गोंदल्यागत, कातड्यात मुरल्यालं.

"कोण ह्यो?" गुंडू वरडला.

"मला काय ठावं?" ती रडायलाच लागली. रडता रडता थांबली आणि हळूच म्हणली, "जेवला असंल का वो त्यो?"

उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव न घेतल्याली बाई. आठवड्यात ती भांडी घासताना "केतन, केतन" करायला लागली. इतक्या मायेनं, की गुंडू दाराआड उभा ऱ्हावून ऐकायचा.

त्यानं झाकायचं बंद केलं. मग तानाबाईच दारात बसाय लागली. बाही वढून हात लपवणारं कोण दिसलं की धरून आत आणायची. "झाका की वो ह्येचं." न्हाय म्हणलं की दोन-दोन दिस जेवायची न्हाय. तसं तिच्या हातावर "अनेकांत" नाव आलं, "विजयसिंह" आलं, "मनाली"सुद्धा आलं. हात कोपरापातूर भरला.

वरचं "गुंडू" मातूर फिकं पडत गेलं. त्यानं सुई घेऊन पुन्यांदा गोंदलं. रक्त आलं. शाई बसली न्हाय.

त्या सांजंला तो तिच्याशेजारी बसला आणि एकदाचं ते म्हणला. वीस वर्षं न म्हणल्यालं.

तिनं पदर सावरला. "पावणं, च्या घेणार?"

आता ती "केतन" म्हणली की तो ओ देतो. "विजयसिंह" म्हणली तरी देतो.

मी त्याच्या खऱ्या नावानं हाक मारून बघितली. मान वर करत न्हाय.

ती बघा, हात पुसत आलीच. तुमच्या बाहीकडंच बघतीया. जावा आत. पण बाही वर करायच्या आधी, पावणं, त्याला एकदा गुंडू म्हणून हाक मारा. मोठ्यानं. तिला ऐकू जाईल अशी.