वहिनींच्या डावीकडची जागा

मी थापाड्या आहे, हे आमच्या घरात कुणालाही विचारा. साधा पाय घसरला तरी मी दरीतून वर आल्यासारखं सांगतो. पण पुढे जे लिहितोय त्यात मी मीठमसाला घातलेला नाही. उलट थोडं गाळलंच आहे.

मागच्या वर्षीची गोष्ट. मंगळवार होता. दुपारचे साडेतीन, बाहेर लख्ख ऊन.

दादाला जाऊन आठ महिने झाले होते. वहिनी त्या घरात एकट्याच. त्या स्वेटर विणतात, स्वतः घालून पांढऱ्या भिंतीपुढे उभ्या राहतात, मोबाइल स्टँडवर लावून फोटो काढतात. माझी मुलगी ते स्वेटर इंटरनेटवर विकायला टाकते.

"आमच्याकडे राहायला या," म्हणून मी हातापाया पडलो होतो. वहिनी ढिम्म.

फोटोंत भिंतच फार. म्हणून मुलीने एक प्रोग्रॅम लिहिला. चारी कडांकडून आत यायचं, भिंतीहून वेगळं काही लागलं की थांबायचं, तिथवरचं रिकामं कापून टाकायचं. जुने-नवे दोनशे फोटो तिने त्यात घातले. माझा चहा संपायच्या आत काम झालं.

"बाबा, जरा बघता?"

नुसत्या स्वेटरचे फोटो काठोकाठ कापले होते.

वहिनी असलेल्या बऱ्याच फोटोंत मात्र... डावीकडे जागा उरली होती.

एका माणसाची.

"गंडलाय तुझा प्रोग्रॅम."

"मग बाकीचे कसे बरोबर आले? त्याला तिथे काहीतरी लागतंय, म्हणून थांबतोय तो."

मी चष्मा पुसून पाहिलं. भिंत. नुसती भिंत.

आम्ही तारखा लावून पाहिल्या. दादा असतानाच्या एकाही फोटोत ती जागा नव्हती. तो गेल्यानंतरच्या सगळ्यांत होती.

मी वहिनींना फोन केला.

त्या हसल्या. "हे इथेच आहेत, भाऊजी. आता तर मी मुळीच हलणार नाही."

फोन ठेवला, तर मुलगी अजून स्क्रीनकडेच बघत होती.

"बाबा... वरही जागा उरलीय."

"म्हणजे?"

"वरून येताना काकूंच्या डोक्यापाशी थांबायला हवं होतं. तो दोन वीत आधीच थांबलाय."

मी खुर्चीत बसलो.

दादा वहिनींच्या खांद्याला लागायचा. लग्नाच्या फोटोत त्याला स्टुलावर उभं केलं होतं. जन्मभर चिडवला आम्ही त्याला.

तासाभरात मी वहिनींच्या दारात होतो. त्या विणता विणताच पुढे आल्या.

"वहिनी, सामान बांधा. तो दादा नाही..."

त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. हात बर्फासारखा.

"हळू बोला."

त्या कानाशी आल्या. "मला पहिल्याच आठवड्यात कळलं, भाऊजी. यांचा श्वास मी तीस वर्षं ऐकलाय. तो इतक्या वरून यायचा नाही."

"मग तुम्ही फोनवर..."

"मी त्याला 'अहो' म्हणते. तेवढ्यावर ते शांत असतं. आणि मी इथून निघाले, तर ते माझ्यामागे येईल. तुमच्याकडे लहान नात आहे."

मग त्या मागे सरल्या. रोजच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, भाऊजी निघालेत. दार लावा."

मी उंबरा ओलांडला. वहिनींच्या दोन्ही हातांत सुया होत्या.

दार... लागलं.

फोटो अजून दर आठवड्याला येतात. डावीकडची जागा कमी होत चालली आहे.

"म्हणजे जातंय का गं ते?" मी मुलीला विचारलं.

"रुंदीच कमी होतेय, बाबा. उंची तेवढीच आहे."

कालच्या फोटोत डावीकडे जागाच नाही. कड वहिनींच्या खांद्याला चिकटली आहे. वरच्या दोन वीत मात्र तशाच... डोक्याच्या बरोबर वर.

मुलगी म्हणाली, "काकूंना सांगायला हवं."

सकाळपासून मोबाइल हातात धरून बसलोय.

वहिनी विणताना फोन स्पीकरवर ठेवतात.