काजळी जळताना

"थांबा! बंद करू नका!"

काचेवर टकटक झाली आणि किल्लीवरचा तिचा हात तिथेच थबकला. आपल्या चष्म्याच्या दुकानासमोर ती गाडी बंद करणार, तोच हा कोण उपटसुंभ? काच खाली केली. समोर एक उंच तरुण... कानाजवळ ग्रीसचा डाग, डोळे मिचमिचे.

"पंखा घरघरतोय, जळका वास येतोय, म्हणून बंद करताय ना?"

"मग काय, आग लागेपर्यंत वाट बघू?"

"ती लागलीच आहे!" तो हसला. "डिझेलच्या धुराची काजळी सायलेन्सरच्या फिल्टरमध्ये साठते, आणि ती जाळायला गाडी स्वतःच तापते. तुमचं रोजचं घर ते दुकान, पाच मिनिटं असणार. जाळायला सुरुवात झाली की तुम्ही बंद करता. मग डॅशबोर्डवरचा तो पिवळा दिवा जाणार कसा?"

अगं बाई! म्हणजे गाडी बिचारी रोज अंघोळीला बसायची, आणि ही तिला अर्ध्यावर उठवायची!

गाडी बाबांची होती. बाबा गेल्यापासून तीच चालवायची. आणि दादानं निर्वाणीचं सांगितलं होतं, "रविवारी संध्याकाळी बघेन. दिवा तसाच असला तर विकून टाकणार."

तिनं दादाची अट त्याला सांगून टाकली. "उपाय काय?"

"मोठा रस्ता. अर्धा तास, न थांबता."

बाजारापलीकडे तिनं गाडी कधी नेलीच नव्हती.

"रविवारी सकाळी मी बसतो शेजारी. माझं गॅरेज त्याच रस्त्यावर आहे. पण आधी माझा चष्मा द्या, तोच न्यायला आलोय."

तिनं स्वतः त्याला चष्मा लावला. बोटं कानाला लागली, आणि तिनं ती जरा उशिरानंच मागे घेतली.

"दिसतंय ना नीट?"

"दिसतंय... फारच."

रविवारी सकाळी रस्ता मोकळा होता. तिनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

"आत्ता आपल्या पायाखाली भट्टी पेटलीय," तो हलकेच म्हणाला. "सहाशे अंशांची."

"पण कळत कसं नाही काही?"

"तीच तर कमाल आहे."

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. एवढी आग... आणि बाहेर धूर नाही, झाडं शांत, स्टिअरिंग हातात लोण्यासारखं! कितीतरी महिन्यांचं काळं आत जळून जात होतं आणि गाडी चकार शब्द काढत नव्हती. आपणही बाबांमागे असंच काहीतरी साठवून बसलो होतो, असं तिला वाटलं. ती श्वास रोखून चालवत राहिली.

"बघा," तो म्हणाला.

दिवा गेला होता.

तिचे डोळे भरून आले. "बाबा असते तर..."

"तर म्हणाले असते, पोरगी झकास चालवते."

ती रडता रडता हसली. थोड्या वेळानं त्यानं मागे वळून पाहिलं.

"अहो... गॅरेजचा फाटा मागे गेला."

"दिसला मला."

"मग?"

"मग काय! आवडता तुम्ही मला. इतक्यात उतरवायचं नाहीये."

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कान लालबुंद.

"मलाही नाही उतरायचं," तो म्हणाला. "पण... संध्याकाळी दादा दिवा बघायला दारात उभे राहतील ना?"

तिनं पाय जरा दाबला.

"राहू दे उभा!"