अकरा वाजून सात मिनिटांचा सर्व्हर

सोनाआत्यांनी ताट पुढं ओढलं आणि रोजच्याप्रमाणे दंडाला विचारलं, "एक भाकरी, वाटीभर पिठलं. चालेल?"

दंडावर साखरपट्टी होती. निमगव्हाणात साठी ओलांडलेल्या दोनशे बारा दंडांवर ती होती. रक्तातली साखर मोजायची, ताटात काय आहे ते ऐकायचं, आणि पुण्याच्या मात्रायंत्राला विचारून तेवढं इन्सुलिन सोडायचं, हे तिचं काम. विचारपूस गावच्या आरोग्य सोसायटीच्या सर्व्हरमार्फत होई.

"नाव सापडत नाही," पट्टी म्हणाली. "किमान मात्रा देत आहे. मुभा शिल्लक, दोन तास."

रविवार दुपारपासून ती हेच म्हणत होती. मात्रायंत्र भेटलं नाही तर तीन दिवस किमान मात्रा, त्यानंतर पूर्ण बंद, असा तिचा नियम. आज बुधवार. पट्ट्या आल्यापासून गावच्या मेडिकलवाल्यानं इंजेक्शनं ठेवणं सोडलं होतं. सांगलीहून मागवलेली उद्या येणार होती.

आत्यांनी अर्धी भाकरी खाल्ली, अर्धी झाकून ठेवली, आणि चपला घालून सोसायटीत गेल्या.

तिथं शबाना मुजावर सकाळपासून बसली होती. संगणकाचं बिघडलं की सोसायटी तिला मिरजेहून बोलावी. शेजारी चेअरमन दिनकरराव लवटे, आत्यांचे भाचे, काळजीच्या मुद्रेनं चहा पीत होते.

"हे बघा," शबाना म्हणाली. "मात्रायंत्राचा पत्ता काढणारी ही स्क्रिप्ट. मी हातानं चालवली की पत्ता लगेच येतो. सर्व्हरनं चालवली की नाव सापडत नाही. स्क्रिप्ट तीच, संगणक तोच."

"म्हणजे माणूस बघून काम करते," दिनकरराव म्हणाले. "सरकारी आहे का?"

"हा नवा सर्व्हर सुरू किती वाजता केला होता?" शबानानं विचारलं.

"रविवारी, अकरा वाजून सात मिनिटांनी." हे त्यांना पाठ होतं. मागच्या भिंतीवर ती वेळ कोरलेली संगमरवरी पाटीही होती.

"आणि नेटची केबल?"

"ती अकरा वीसला. केबलवाल्याची गाडी पंक्चर झाली. त्याच्यासाठी मुहूर्त थांबतो होय?"

शबानानं कीबोर्ड बाजूला सारला. तिचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा सैल झाला.

"संगणकाला नावावरून पत्ता हवा असला की तो नामसेवकाला विचारतो. नामसेवक कुठं भेटतो ते एका फाईलीत असतं. केबल जोडली की ती फाईल आपोआप भरते. तुमच्या सर्व्हरनं ती सुरू होताना एकदाच वाचली. तेव्हा ती कोरी होती. तेच धरून बसलाय. मी चालवते तेव्हा स्क्रिप्ट फाईल नव्यानं वाचते."

"मग त्याला परत वाचायला सांगा."

"बंद करून सुरू करावा लागेल. अर्धा मिनिट."

दिनकररावांनी कप खाली ठेवला. "ते जमायचं नाही. मागचा सर्व्हर अमावास्येला सुरू केला, तो सात महिन्यांत जळाला. या वेळी संचालक मंडळाचा ठराव आहे, वर्षभर बंद करायचा नाही. अगदीच केला, तर पुढचा मुहूर्त शुक्रवारी."

"पट्ट्या एक वाजता बंद पडतील, साहेब."

"ठराव आहे ना पण."

"ठरावाला साखर नाही, मला आहे," आत्या दारातून म्हणाल्या. "मुहूर्त कुणी काढून दिला होता, दिनू?"

"तुम्हीच, आत्या."

"मग मीच सांगते. तुझं लग्न मुहूर्तावर लागलं. त्या रात्री तू झोपलास, तर सकाळी परत अक्षता टाकल्या का आम्ही? अर्धा मिनिट त्याचाही डोळा लागू दे."

दिनकररावांनी विचार केला. मग इतिवृत्तात 'सर्व्हरला अर्धा मिनिट विश्रांती, सर्वानुमते' अशी नोंद केली आणि शबानाकडे बघून मान हलवली.

खोलीतली घरघर थांबली. अठ्ठावीस सेकंदांनी परत सुरू झाली. आत्यांचा दंड म्हणाला, "मात्रायंत्र भेटलं."

शबाना पडद्यावर तीन दिवसांच्या नोंदी बघत होती. "सगळ्यांची साखर थोडीफार चढलीय. आत्या, तुमची मात्र सरळ रेषेत आहे. पुण्याहून मात्रा यायची तेव्हापेक्षाही बरी. काय केलंत?"

"काय करणार? भाकरी अर्धी केली. जेवल्यावर ओढ्यापर्यंत जाऊन आले. पाय जड वाटले की पुढचा घास ठेवला. पट्टी यायच्या आधी हेच तर करत होते."

तेवढ्यात पडद्यावर एक ओळ उमटली. शबानानं ती दोनदा वाचली, कारण आजवर मात्रायंत्र फक्त उत्तरं देत आलं होतं.

'या तीन दिवसांत आहार कोणी ठरवला? पद्धत कळवावी.'

"काय लिहू?" शबानानं विचारलं.

"केवढं आहे गं ते?"

"चार वर्षांचं."

"मग शिकेल." आत्यांनी दिनकररावांची खुर्ची ओढून घेतली आणि तीत नीट बसल्या. "पण आधी त्यालाच विचार, पोरी. लिही. भूक लागलीय की नुसती जेवायची वेळ झालीय, हे तुला कोण सांगतं?"