माझ्याच हाताने चालणारी स्क्रिप्ट

माझ्या खुर्चीवर कुणी बसलेलं मला खपत नाही. त्या सकाळी दिंडोरीतल्या आमच्या द्राक्ष कंपनीच्या ऑफिसात शिरले, तर एक अनोळखी मुलगा तिथेच बसून मी कॉम्प्युटरसाठी लिहिलेली स्क्रिप्ट वाचत होता. सोमनाथ. दुरुस्तीसाठी नाशिकहून आलेला.

पारा उतरला की ती स्क्रिप्ट पहाटे आपोआप चालून बागायतदारांना मेसेज पाठवायची - बागेत शेकोट्या पेटवा, नाहीतर मणी तडकतील. पण पहाटे ती बंद पडायची, आणि मी येऊन चालवली की सुरळीत चालायची.

"तुमच्यावर जीव आहे तिचा," तो म्हणाला. मी हसले नाही. चहा मात्र दोन मागवले.

आठवडाभर तो शोधत राहिला. मी डब्यात त्याच्यासाठी जास्तीची भाकरी आणू लागले. त्याला पुण्यात नोकरी लागली होती, शनिवारी निघायचं होतं. तो काहीतरी विचारेल, याची मी वाट बघत होते... भाकरी आणत होते, आणखी काय सांगायचं मी?

शुक्रवारी त्याने सगळे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, म्हणजे माझ्या लॉगिनबरोबर आपोआप येणारी माहिती, पुसून स्क्रिप्ट चालवली. माझ्यादेखत ती बंद पडली.

"सापडलं," तो म्हणाला. "फाइल कुठे, पासवर्ड कुठला, हे तिला तुमच्या लॉगिनमधून मिळतं. पहाटे ती एकटी उठते, तेव्हा यातलं काहीच नसतं. तुम्ही तिला सांगितलंच नाही, गृहीत धरलंत."

मी एकेक गोष्ट स्क्रिप्टला लागेल तिथे नीट नोंदवली. पुन्हा सगळं पुसून चालवली. मेसेज गेले. त्याने बॅग उचलली, आणि मी उठून उभी राहिले.

"सोमनाथ... मला तुम्ही आवडता. तुम्हाला कळलं असेल, असं धरून चालले होते मी."

तो दारातच थांबला.

"नव्हतं कळलं," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, भाकरी तुम्ही सगळ्यांसाठीच आणता. पुण्याला तर जावंच लागेल, सुवर्णा. पण पुढच्या रविवारी आईला घेऊन तुमच्या घरी येतो. चालेल?"

मी मान हलवली. मग आठवलं, आणि तोंडाने म्हणाले, "चालेल."

शनिवारी पहाटे मेसेज आपोआप गेले, माझ्याही फोनवर आला. बागांवर धूर पसरला होता. लवकर जायचं काही कारण नव्हतं, तरी ऑफिसला गेले. माझी खुर्ची त्याच्यासाठी रिकामी ठेवली आणि शेजारच्या स्टुलावर बसले.