चुंबकाचा ढोल

भावाला गाडीत बसवून दिलं आणि कोकिळा फलाटावरच्या एका मोठ्या लाकडी पेटीवर जरा टेकली. तळपायात काटा सलत होता. तो काढत असतानाच मागून आवाज आला.

"बाई, जरा उठता का? पेटी माझी हाय."

"बसल्यानं झिजली का?"

तो हसला. सूर्यभान त्याचं नाव, मूळचा पेडगावचा, पण मिस्त्रीकाम शिकला हैदराबादेत. आप्पारावांचा पितळेचा कारखाना कुठं, असं त्यानं विचारलं. कोकिळा तिथंच निघाली होती. पेटी बैलगाडीत चढली आणि दोघं गाडीमागून चालू लागली.

पेटीत काय, असं तिनं विचारलं, तसा तो खुलला. चुंबकाचा ढोल कसा फिरतो, राखेतलं लोखंड धरून मागं कसं टाकतो, पुढं हलत्या चाळणीवर पाणी पडून राख कशी वाहून जाते आणि नुसतं पितळ कसं उरतं, ते त्यानं हातवारे करून सांगितलं.

"पाच बायांचं आठवड्याचं काम हे एका दिवसात करतंय."

"त्या पाचांतली मी एक," कोकिळा म्हणाली.

तो गाडीच्या दुसऱ्या बाजूनं चालू लागला.

मराठवाडा मुंबई राज्यात जाऊन तेव्हा महिनाच झाला होता. कोकिळा बावीस वर्षांची. नवरा तापानं गेला त्याला तीन वर्षं झालेली. सासू धुरपदाबाई आणि ती, दोघी कारखान्याच्या भट्टीच्या राखेतलं पितळ निवडून पोट भरत होत्या.

सूर्यभाननं पाया खणला, बोल्ट रोवले, ओळंबा लावला, तेलाच्या इंजिनावर पट्टा चढवला. बाया त्याच्याशी बोलत नव्हत्या. पाणी मागितलं की कोकिळा तांब्या आणून ठेवायची आणि मुकाट्यानं वळायची. पण वळताना एकदा बघायची... आणि तो बघतच असायचा.

"माझ्यावर राग हाय?" एकदा त्यानं विचारलं.

"तुमच्यावर न्हाई. ढोलावर हाय."

"मग ढोलाकडं बघत जा. माझ्याकडं का बघता?"

तिनं रिकामा तांब्या उचलला आणि निघाली. दिवसभर मात्र हसू येत राहिलं.

नवव्या दिवशी यंत्र चालू झालं आणि फसलं. लोखंडाबरोबर पितळही मागं पडत होतं, उरलेलं राखेच्या गोळ्यांत वाहून चाललं होतं. सूर्यभाननं तीन दिवस ढोल वरखाली करून पाहिला. आप्पाराव म्हणाले, उद्या जमलं नाही तर यंत्र परत न्या.

दोष कशात आहे, ते कोकिळेला पहिल्याच दिवशी कळलं होतं. धुरपदाबाईंनाही. त्यांनी सुनेला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. पण चौथ्या दिवशी सकाळी सूर्यभान हत्यारं पुसून पिशवीत भरताना दिसला, आणि तिला गप्प बसवेना.

"भट्टीतली राख पाण्यानं विझवतेत," ती म्हणाली. "तुमी तशीच वली ओतायलाव, तिचे गोळे व्हतेत. आमी तिला दोन उन्हं देतो, मोगरीनं फोडतो, चाळतो. मग निवडतो."

त्यानं पिशवी खाली ठेवली. "हे सांगितल्यावर तुमचं काम जाईल."

"वाळवायला, फोडायला बाया लागतील का न्हाई? ते मालकाला तुमी सांगायचं."

त्यानं सांगितलं. या बाया नसतील तर यंत्र चालणार नाही, असं आप्पारावांना तोंडावर सांगितलं. बायांनी आधीच फोडून ठेवलेली, दोन उन्हं खाल्लेली राख ओतली, आणि चाळणीवर पिवळे मणी उरले. आप्पारावांनी पाचांतल्या तिघींना ठेवलं. धुरपदाबाई आणि आणखी एक बाई राहिल्या. तिसरी जागा कोकिळेची होती, ती तिनं लेकुरवाळ्या तानुबाईला दिली.

दुसऱ्या दिवशी सूर्यभान तिच्या दाराशी आला.

"तुमचं काम माझ्यापायी गेलं."

"मग भरपाई द्या," ती सहज म्हणून गेली, आणि लाजली.

"तेच इचारायला आलोय... पाट लावाल माझ्याशी?"

तिनं चुलीतलं लाकूड उगाच पुढं सारलं. "सासूला सोडून मी कुठं जाणार न्हाई."

"त्यांना सकाळीच इचारलं. म्हणाल्या, माझी ना न्हाई, तिला इचार." तो थांबला. "मालकानं यंत्रावर राहा म्हणलं होतं. हो म्हणून आलोय."

"माझं उत्तर ऐकायच्या आधीच?"

"तुमी न्हाई म्हणला असता तरी राहणार होतो. रोज दिसला तरी असता."

"कशी दिसणार? कारखान्यात तर आता मी न्हाई."

त्याचा चेहरा उतरला. तेवढं पाहून झाल्यावर कोकिळेनं भाकरीचं पीठ पुढं ओढलं.

"रोज घरीच यावं लागंल," ती म्हणाली. "बसा. भाकरी टाकायलेय."