आधी 'नंतर'चा फोटो

आमच्या कंपनीत 'आधी'चा फोटो नेहमी नंतर काढतात. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो माझ्याकडे बघतच राहतो, म्हणून तेवढं समजावून सांगते. भोसरी एमआयडीसीत आमचं प्रेस शॉप आहे. पत्रा कापून, दाबून गाड्यांचे बारके भाग बनवतो. मोठ्या गिऱ्हाइकाला माल द्यायचा तर दर महिन्याला कायझेन दाखवावं लागतं, म्हणजे शॉपमध्ये काय सुधारणा केली त्याचा कागद. कागदावर दोन फोटो: डावीकडे सुधारणेआधीचा, उजवीकडे नंतरचा. आता सुधारणेच्या आधी फोटो काढायचं कोणाच्या लक्षात राहतंय? जागा चकाचक झाली की आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरला, सुजित सरांना, आठवण होते. मग त्याच जागेवर तेल सांडायचं, चिंध्या टाकायच्या, वडापावचा कागद चुरगाळून ठेवायचा आणि 'आधी'चा फोटो काढायचा. नंतर परत पुसायचं. मी क्वालिटीला सात वर्षं आहे. कचरा मांडण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

माझं नाव स्वप्नाली. परभणीकडची. मायक्रोमीटर लावल्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही. सासूबाई माझी दृष्ट काढतात तेव्हासुद्धा मिरच्या किती घेतल्या ते मोजते. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं ऐकून कोणी म्हणेल, बाई जरा भोळीच दिसते. मी भोळी नाही.

शॉपमध्ये मोबाइलने फोटो काढायला बंदी. गेटवरच मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात. फोटोसाठी कंपनीचा एक कॅमेरा होता, तो कोणीतरी मशीन थंड ठेवायच्या कूलंटच्या टाकीत पाडला. तेव्हा मालकांनी स्वतःचा दिला. परदेशात फिरायला जाताना घेतलेला, खिशात मावेल एवढा, पण आत सगळं मोठ्या कॅमेऱ्याचं. मालकांनी त्याच्यावर आख्ख्या सहलीत एकोणीस फोटो काढले होते आणि एकोणिसांतही ते स्वतःच होते.

"काही नाही, ऑटोवर ठेवायचा आणि दाबायचा," मालक म्हणाले.

ऑटोवर! एवढं भारी मशीन ऑटोवर वापरायचं म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर नारळ फोडण्यासारखं. मी दोन रविवार घालवून त्याची माहितीपुस्तिका वाचून काढली. नवऱ्याने जेवण मागितलं तेव्हा मी त्याला भिंगाचं छिद्र लहान केलं की फोटोची खोली कशी वाढते ते समजावलं. तो बिचारा गप्प बाहेर जाऊन भुर्जी खाऊन आला. पण फरक पडला हो! आमच्या ट्यूबलाइटखाली सगळेजण कावीळ झाल्यासारखे दिसायचे. पांढऱ्या कागदावर रंग जुळवून घेतला तर माणसं माणसांसारखी आली. पत्रा चमकतो, म्हणून उजेड थोडा कमी धरायचा. बटण अर्धं दाबून हिरवा चौकोन स्थिर होऊ द्यायचा. बोटाने दाबल्यावर हलतो, म्हणून स्टँडवर ठेवून दोन सेकंदांचा टायमर लावायचा. जिथे प्रेसच्या दणक्याने टेबलावरचा चहा थरथरतो, तिथे मी वाळूची पिशवी टाकून स्टँड उभा केला.

कायझेनसाठी पहिला फोटो काढला पान्यांच्या रॅकचा. रॅक खरोखरच घाणेरडा होता. म्हटलं, चला, आयुष्यात एकदा तरी प्रामाणिकपणे 'आधी'चा फोटो आधी काढू.

फोटोत रॅक स्वच्छ आला. प्रत्येक पान्याखाली पिवळी पट्टी, तिच्यावर नंबर. सतराची पट्टी उलटी चिकटवलेली.

मी रॅककडे बघितलं. तेल, चिंध्या, मेलेलं झुरळ. फोटोवरची वेळ बघितली, अकरा बेचाळीस, त्याच दिवसाची. मला वाटलं, कॅमेऱ्यातच काहीतरी गडबड असेल, आणि डबा खायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रॅक स्वच्छ. पिवळ्या पट्ट्या. सतरा उलटा.

झाडलोट करणाऱ्या कौशल्याबाईंना विचारलं. साठीच्या पुढच्या, मूळच्या इथल्याच. आमचं पार्किंग आहे तिथे त्यांच्या सासऱ्याची बाजरी व्हायची. माझ्या शेजारी बसून जेवतात आणि स्वतःच्या भाकरीतली अर्धी माझ्या डब्यात टाकल्याशिवाय त्यांना घास जात नाही.

"म्या न्हाई बाई हात लावला. त्यो अजिम करत व्हता राती, मशीन बंद पडलं म्हनून."

रात्रपाळीच्या अजिमला विचारलं. तो म्हणाला, कंटाळा आला होता, लावल्या पट्ट्या. सतरा उलटा आहे म्हटल्यावर तो चक्क लाजला. आता यात भुताटकी काय? काहीच नाही. एक नमुना म्हणजे काही पुरावा नव्हे.

दुसरा नमुना गळका वॉटर कूलर. फोटोत नवा कोरा कूलर आला, झेंडूचा हार घातलेला, हारात एकच पांढरं फूल. आठ दिवसांनी मालकांनी नवा कूलर आणला. हारात एकच पांढरं फूल होतं. तिसरा नमुना खुद्द सुजित सर. नोटीस बोर्डासाठी त्यांचा फोटो काढला तर मिशाच नाहीत. सर माझ्यावर असे उखडले, की मी मुद्दामच त्यांची मिशी पुसली! सोमवारी ते मास्क लावून आले. दोन दिवसांनी कळलं, कलप लावताना काहीतरी गडबड झाली आणि वहिनींनी सगळंच साफ करायला लावलं.

तीन नमुने, शून्य रिजेक्शन. मी घाबरले का? सुरुवातीला जरा. पण सात वर्षं आम्ही 'नंतर'चा फोटो आधी काढत आलो होतो. कॅमेरा आमच्याच पद्धतीने वागत होता, एवढंच.

सुजित सर तर हरखलेच. "अगं, मग सुधारणा करायच्याच कशाला? फोटो काढ फक्त! कामं आपली आपण होतायत!" एका आठवड्यात आमची सतरा कायझेन झाली. सर शॉपमध्ये लग्नघरातल्या मामासारखे फिरायला लागले.

गिऱ्हाइकाचं सेफ्टी ऑडिट आठवड्यावर आलं. सर म्हणाले, चार नंबर प्रेसचा फोटो घे. त्या प्रेसला दोन बटणं आहेत, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा भाग खाली येतो. दोन्ही हात बटणांवर अडकले म्हणजे प्रेसखाली जाणार नाहीत, अशी ती सोय. प्रेसवर नदीम होता. चोवीस वर्षांचा, तोंडाने चालू, कामाला वाघ. त्याच्या अब्बांचं, लालमहंमदभाईंचं, लांडेवाडीत घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. शिफ्ट सुटली की नदीम तिथे बसतो. माझं लग्नातलं घड्याळ दोन दुकानांनी परत केलं होतं, ते यानेच चालू केलं.

"मॅडम, ही बोटं घड्याळाची आहेत," तो मला म्हणायचा. "प्रेसला मी फक्त भाड्याने दिलीत. अब्बांचे हात कापायला लागले की दुकान मीच घेणार."

मी रंग जुळवला, उजेड कमी केला, टायमर लावला. नदीम दोन्ही बटणांवर पंजे ठेवून हसत उभा राहिला. कट् असा आवाज झाला.

फोटोत तो तसाच हसत होता. डाव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याशेजारची, मधल्या पेरापर्यंतच होती. जखम कधीच भरलेली. टोकाची कातडी गुलाबी आणि चकचकीत.

मी फोटो मोठा करून परत बघितला.

"बघू मॅडम, हिरो आलोय का?" नदीमने मान पुढे केली. बघितलं. मग स्वतःचा डावा हात उलटसुलट करून बघितला. "फोकस चुकलाय," तो म्हणाला. पण हसला नाही. त्याला सुजित सरांची मिशी माहीत होती.

मी डाव्या बटणापाशी गेले. बटणाच्या फटीत आइस्क्रीमची काडी खुपसलेली होती. म्हणजे ते बटण कायमचं दाबलेलं, उजव्या हाताने प्रेस चालवायची आणि डाव्याने खालून माल काढायचा. फोटोसाठी त्याने काडी पंजाखाली झाकली होती.

"गाढवा!" मी ओरडले. "अक्कल गहाण टाकलीस का?"

"टार्गेट कसं होणार मॅडम? सगळेच लावतात."

मी काडी उपसून मोडली, तुकडे खिशात घातले आणि परत फोटो काढला. बोटं तेवढीच होती.

सरांकडे गेले. म्हटलं, नदीमला त्या प्रेसवरून काढा. सर म्हणाले, "ऑडिट झाल्यावर बघू. फोटोत वाईट दिसतंय ना? मग चांगला काढ. एवढं पुस्तक वाचलंस ते कशासाठी?"

मग मी चांगला काढायला बसले. त्या दिवशी नदीमला मी प्रेसला हात लावू दिला नाही. सरांना सांगितलं, मशीनचा फोटो चालू आहे. पुस्तिकेत चांगल्या निकालासाठी जे जे दिलं होतं ते सगळं केलं. छिद्र मोठं केलं, लहान केलं. बाजूने पांढरा थर्माकोल धरला. जवळून घेतला, लांबून घेतला, मागचं धूसर केलं. प्रत्येक फोटो कच्च्या स्वरूपात, सगळे बारकावे राखून. बारकावे फारच चांगले आले. छत्तिसाव्या फोटोत मला त्या गुलाबी कातडीवरच्या टाक्यांच्या खुणा मोजता आल्या. सात होत्या.

डावा हात नदीमने खिशात घातला होता, फोटोपुरता काढायचा.

कॅमेरा म्हणाला, कार्ड भरलं.

मी कधी काही फेकत नाही; क्वालिटीतला माणूस पुरावा ठेवतो. पण जागाच नव्हती. नदीमचे सगळेच्या सगळे फोटो निवडले आणि पुसून टाकले. कुठलंही सेटिंग न बदलता परत बटण दाबलं.

पाच बोटं.

मी मोठं करून मोजली. त्याने मोजली. परत दोघांनी मोजली. मला रडू आलं, अगदी हुंदके देऊन. शॉपमधल्या लोकांना वाटलं, सर बोलले. नदीमने दहाही बोटं माझ्यासमोर पियानो वाजवल्यासारखी नाचवली आणि पळत जाऊन सगळ्यांना पुरतील इतके समोसे आणले. त्याच दुपारी मी एकूण एक बटणातल्या काड्या काढल्या. तेरा निघाल्या.

ऑडिट झकास झालं. पाहुणे गेल्यावर सरांनी सगळ्यांना गेटपाशी बोलावलं. बोर्डावर लावायला ग्रुप फोटो.

"हसायचं सगळ्यांनी," सर म्हणाले, "आणि दोन्ही पंजे पुढे. दहा बोटं दिसली पाहिजेत. झीरो ॲक्सिडेंट!"

मी स्टँड लावला, दहा सेकंदांचा टायमर सुरू केला आणि पळत जाऊन उजव्या टोकाला, कौशल्याबाईंच्या शेजारी उभी राहिले. तेवीस माणसं, पंजे पसरून. कट्.

फोटो मी एकटीनेच बघितला. मोठा करून डावीकडून मोजत आले. अजिम, दहा. नदीम, दहा, त्याची तीनदा मोजली. सर, दहा, पण डोळे मिटलेले. कौशल्याबाई, हिरव्या बांगड्या, दहा.

शेवटी मी.

आठ.

डाव्या हाताची दोन, अंगठ्याशेजारची. जखम भरलेली. कातडी गुलाबी.

मी माझा हात बघितला. पाच. तर्जनीला पेनाची शाई लागलेली.

तेव्हा कळलं. रिजेक्ट माल लाल पेटीतून गायब होत नाही, तो दुसऱ्या कोणाच्या तरी मालात निघतो. मी नदीमचं पुसलं होतं, ते माझ्यावर आलं. आता हा फोटो पुसायचा नाही, एवढंच माझ्या हातात होतं. पुसला तर मी सुटेन. आणि मग दुसरं कोणी.

"काय झालं, चांगला आलाय ना?" सर मागून वाकले. "अरे, माझे डोळे मिटलेत!"

"राहू दे सर. तुम्ही चांगले दिसताय."

"चांगला कसला? बोर्डावर आयुष्यभर झोपलेला मॅनेजर लावायचा का? आण इकडे. तेवढं मलाही येतं."

त्यांनी कॅमेरा माझ्या हातातून घेतला. मी घट्ट धरून ठेवायला हवा होता. ओरडायला हवं होतं. त्यांनी कचरापेटीचं चित्र असलेलं बटण दाबलं. कॅमेऱ्याने विचारलं, नक्की? सर म्हणाले, हो रे बाबा.

आणि खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.

"चला, परत! पंजे वर!" टायमर लावून सर धावत रांगेत घुसले. लाल दिवा लुकलुकायला लागला.

माझ्या शेजारी कौशल्याबाईंनी पदर सारखा केला, बांगड्या मागे सरकवल्या आणि दोन्ही हात कॅमेऱ्यापुढे नीट पसरले.

"समदी दिसत्यात न्हवं, पोरी?"

"दिसतात, मावशी," मी म्हणाले.